चित्रांची वही आणि कलादिग्दर्शकाची नजर



मारिओ मिरांडा हे नाव गोव्याशी जोडले जाते. परंतु त्यांचे शालेय शिक्षण याच बंगळूरमधील सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूलमध्ये झाले, हे अनेकांच्या ध्यानात नसते. १९२६ साली जन्मलेला हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागला, तेव्हा आईने त्याच्या हाती कोरी वही दिली. त्या वहीची पुढे रोजनिशी झाली. भोवतालची माणसे तिच्यात उतरत गेली. १९५१ ची रोजनिशी तर कालांतराने पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली. व्यवसायाचा आरंभ मात्र जाहिरातींच्या स्टुडिओत झाला. नंतर 'इलस्ट्रेटेड वीकली'.

आज ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात, त्याचे बीज अशा वहीत असते. चित्रकलेत गती असलेल्या मुलाची फाइल पालक हौसेने जुळवतात. वर एलिमेंटरी-इंटरमीजिएटची प्रमाणपत्रे, खाली कॅलेंडरवरून उतरवलेले देखावे आणि नटनट्यांचे चेहरे! गणिताच्या वहीमागे चोरून काढलेली चित्रे तेवढी रद्दीत जातात. पुस्तकाच्या कलादिग्दर्शकाला प्रमाणपत्राशी फारसे कर्तव्य नसते. त्याच्यासमोर एक कथा असते आणि ती कोणाच्या हाती सोपवावी, हा प्रश्न असतो. पहिल्या पानावरची मुलगी दहाव्या पानावर पाठमोरी, रडताना, धावताना तीच वाटेल काय? मजकुराला जागा सोडली आहे काय? वाक्यात नसलेले काही चित्राने सांगितले काय? दहा-बारा निवडक चित्रांतून हे कळते. चाळीस चित्रांच्या गठ्ठ्यात दुबळी चित्रेच आधी डोळ्यांत भरतात. शिवाय बालपुस्तकाच्या प्रकाशकाकडे राजकीय व्यंगचित्रे पाठवून उपयोग नाही. त्याची पुस्तके आधी चाळावीत.

नकारही येतो. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता. पुढे म्हैसूरलाच महाविद्यालयात शिकत असताना, बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी त्यांनी काढलेली चित्रे 'द हिंदू'त छापून येऊ लागली. कथेसाठी काढलेले चित्र हीच त्यांची शिफारस ठरली.

विषयांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातला कांदा उतरतो. तेथील एकाच हमालाची सहा चित्रे काढावीत: पोते उचलताना, हिशेबावरून वाद घालताना, चहा पिताना, पोत्यावर डोळा लागलेला असताना. सहाही चित्रांत माणूस तोच दिसला पाहिजे. कथा हाताशी नसेल, तर बंगळूरच्याच 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड बालकथा मुक्त परवान्याने मिळतात. त्यांतील एखादी निवडावी, छापलेली चित्रे झाकावीत आणि सबंध कथा स्वतःच्या हाताने पुन्हा रेखाटावी. मे महिन्याची सुटी त्याला पुरेशी आहे.