मूल पुढच्या वर्गाच्या हाती देताना



येत्या १५ जूनला शाळा उघडतील. आपण शिक्षक, मुख्याध्यापक आणि व्यवस्थापक आज इथे वसईत अधिवेशनासाठी बसलो आहोत खरे, पण प्रत्येकाच्या टेबलावर काय काय येऊन पडले आहे याची मला कल्पना आहे. वार्षिक नियोजन, वेळापत्रक, बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे, युडायस पोर्टलवर भरायची माहिती, आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नाही अशा मुलांची यादी. हे सगळे करावेच लागते आणि तुम्ही ते कराल. मला बोलायचे आहे ते त्या टेबलावर सहसा नसणाऱ्या एका कागदाविषयी.

त्या कागदाची प्रथा मला एका संताकडे सापडते. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५० साली ज्यांना जाहीर केले, ते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे फ्रान्समधल्या रँस शहराच्या कॅथेड्रलमध्ये मानाच्या पदावर होते. घरची श्रीमंती होती. गरीब मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांशी त्यांचा संबंध आला, तेव्हा ती माणसे त्यांना आपल्या घरच्या नोकराहूनही खालच्या पायरीची वाटत होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे १६८१ मध्ये त्याच मास्तरांना त्यांनी आपल्या घरी राहायला आणले आणि आपल्या पंक्तीला बसवले. नातेवाईक संतापले. मग त्यांनी पद सोडले आणि दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. शिक्षकाला माणूस म्हणून वागवल्याशिवाय तो मुलाला माणूस म्हणून वागवणार नाही, हे त्यांनी उपदेशातून सांगितले नाही, जेवणाच्या टेबलावर करून दाखवले. हा भाग आज समोर बसलेल्या व्यवस्थापकांसाठीही आहे. त्याकडे मी नंतर येते.

त्यांच्या शाळांची कार्यपद्धती सांगणारे पुस्तक १७२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने छापले गेले. त्यात एक प्रथा सांगितली आहे. वर्ष संपताना वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी लिहायचे: त्याची समज कशी आहे, स्वभाव कसा आहे, घरी लाड जास्त होतात का, शाळा बुडते का आणि बुडते तर कशामुळे. मग ते लिखाण मुख्याध्यापकामार्फत पुढच्या वर्षीच्या शिक्षकाकडे जायचे. नवे वर्ष सुरू होताना नव्या शिक्षकाच्या हाती मुलांची नुसती नावे येत नसत, मुलेच येत.

तीनशे वर्षांनी आपल्याकडे काय आहे? कागद आहे. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती, आजही आहे. पण या नोंदींची तयार पुस्तके बाजारात मिळतात, मोबाइलवर फिरतात, आणि आपण त्यातून वाक्ये उतरवतो. ‘शालेय उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’, ‘गटकार्यात इतरांना मदत करतो’. ही वाक्ये पाचवीतल्या चाळीसही मुलांना लागू पडतात, म्हणून ती एकालाही लागू पडत नाहीत. जूनमध्ये सहावीचा नवा वर्गशिक्षक ती नोंदवही उघडत नाही, कारण तीत काही सापडणार नाही हे त्याला माहीत असते. त्याने स्वतःही तशीच नोंदवही भरलेली असते.

आता या वसई आणि पालघरच्या वर्गांत कोण बसते ते पाहू. आपल्या अनेक धर्मग्रामांच्या मराठी शाळा ज्या घरांच्या श्रमदानातून आणि देणग्यांतून उभ्या राहिल्या, त्या घरांतली बरीच मुले आता इंग्रजी माध्यमात जातात. मराठी शाळेच्या बाकावर अर्णाळ्याचा कोळी मुलगा असतो, वाडीवर केळी आणि फुलांची कामे करणाऱ्या वारली मजुराची मुलगी असते, नालासोपाऱ्याच्या चाळीतला भोजपुरी बोलणारा मुलगा असतो आणि वीटभट्टीवरून परतलेली कातकरी भावंडे असतात. सामवेदी किंवा कोळी बोलीतून विचार करून प्रमाण मराठीत उत्तर देणारी आपली ख्रिस्ती मुलेही असतात. हा वर्ग पाहून काही शिक्षक मला म्हणतात, ‘मॅडम, आता आपली मुलेच राहिली नाहीत.’ हे वाक्य मला फार लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचा जाहीरनामा मंजूर केला. गरीब, कुटुंबाच्या आधाराला मुकलेले आणि ख्रिस्ती श्रद्धेशी ओळख नसलेले, या सर्वांची काळजी कॅथलिक शाळेने वाहावी अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणजे ज्या वर्गाकडे पाहून आपण हळहळतो, तोच वर्ग त्या जाहीरनाम्याच्या मनात होता. हीच आपली मुले आहेत.

आणि या प्रत्येक मुलाचे वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होते आणि वेगळ्या महिन्यात तुटते. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाची हजेरी नोव्हेंबरात थांबते, आणि हजेरीपटावर ते मूल ‘सतत गैरहजर’ दिसते. जुलैत भाताची आवणी सुरू झाली की घरची लहान भावंडे सांभाळायला मोठी बहीण लागते. कोळीवाड्यात याउलट घडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बाप घरी असतो. एकदा होडी समुद्रात गेली की पालकसभेला आईच येणार आणि तीही बाजार आटोपून धापा टाकत. मुलाच्या बापाशी बसून बोलायचे असेल, तर शाळा उघडल्यापासूनचे हे पहिले सहा आठवडे आपल्याला मिळालेले आहेत. घरभेटीसाठी पालकसभेनंतरची तारीख धरणाऱ्या शाळांनी आपल्या गावाचे हे पंचांग एकदा पाहावे. मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण ते कोणत्याही नियोजनाच्या नमुन्यात छापलेले नाही.

नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगतो. नोव्हेंबरात गेलेले मूल जूनमध्ये परत आले का, हे पाहायला कोणी त्याच्या पाड्यावर जाते का?

मुलाच्या नोंदी पुढच्या शिक्षकाला देण्यात एक धोका आहे आणि तो मी लपवत नाही. मुलाविषयी लिहिलेले पुढे गेले की त्याच्या कपाळावर शिक्का बसू शकतो. ‘हा खोडकर’, ‘ही मंद’, ‘याच्या घरचे असेच’. द ला साल यांच्या नोंदींत मुलांचे दोषही लिहायचे असत. त्यांचे अनुकरण आपण तिथपर्यंत करू नये. मला हवी आहे ती परिस्थितीची नोंद. घरी कोणती भाषा बोलतात, सकाळी त्याला कोण उठवते, चष्मा लागला आहे पण घेतला नाही का, कोणत्या महिन्यांत शाळा सुटते, आणि गेल्या वर्षी कोणत्या एका गोष्टीत तो रमला. चार ओळी पुरेत, पण त्या त्याच मुलाच्या असाव्यात. आणि त्या नव्या शिक्षकाला जुन्या शिक्षकाने समोर बसून सांगाव्यात, नुसत्या वहीत ठेवू नयेत.

मराठी माध्यमाविषयी थोडे. द ला साल यांनी गरीब मुलांना आधी लॅटिन नव्हे, त्यांची फ्रेंच वाचायला शिकवली, आणि त्या काळात ते धाडसच होते. आपल्याकडे त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीशी आपले नाते इतके जुने आहे. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इंग्रजी शाळा चालवणाऱ्या संस्थांवर माझा राग नाही, पालकांवर तर नाहीच. पण एकाच संस्थेच्या आवारात इंग्रजी विभागाला नवी इमारत आणि मराठी विभागाला गळके छप्पर, हे चित्र मी अनेक ठिकाणी पाहते, आणि ते आपल्याला शोभत नाही.

परिपाठाबद्दलही विचारणा होते. २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनाकक्ष ठेवा. यामुळे आपली ओळख पुसली जाईल अशी भीती काहींना वाटते. मला ती वाटत नाही. वारली मुलीने हात जोडून आपली प्रार्थना पाठ म्हटली म्हणजे शाळा कॅथलिक झाली, असे मी कधीच मानले नाही. तिचा ताप शिक्षकाच्या लक्षात आला की नाही, यावर मी ते ठरवीन.

आता शिक्षकांविषयी, म्हणजे तुमच्याविषयी. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक केली. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. आपल्यासारख्या अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याच्या विचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. माझे म्हणणे इतकेच, की निकालाची वाट न पाहता ज्यांना जमेल त्यांनी अभ्यास सुरू करावा आणि संस्थांनी त्यांना त्यासाठी वेळ द्यावा. पट घसरला की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, ही भीती वेगळी. आणि विनाअनुदानित तुकड्यांवर तुटपुंज्या पगारात राबणाऱ्या तरुण शिक्षकांची स्थिती तर अधिवेशनात दरवर्षी बोलली जाते आणि दरवर्षी तशीच राहते. व्यवस्थापकांनो, द ला साल यांनी मास्तरांना आधी आपल्या घरात घेतले आणि मग त्यांच्याकडून अपेक्षा केल्या. हा क्रम उलटा करता येत नाही.

म्हणून मी या सभागृहापुढे एक ठराव ठेवते. शाळा उघडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या वर्गशिक्षकांनी एकत्र बसून प्रत्येक मुलाविषयी बोलावे. यासाठी मुख्याध्यापकांनी दोन अर्धे दिवस मोकळे ठेवावेत. ३१ जुलैपूर्वी निदान त्या मुलांच्या घरी जावे जी गेल्या वर्षी मध्येच तुटली. पोर्टलवरची माहिती भरण्याचे काम संस्थेने लिपिकाकडे द्यावे, लिपिकाचे पद मंजूर नसेल तर स्वतःच्या खर्चाने माणूस नेमावा. विनाअनुदानित शिक्षकांच्या वेतनाचा आढावा पुढच्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक संस्थेने लेखी द्यावा. आणि छापील नोंदींचे पुस्तक या वर्षी कोणत्याही शाळेने विकत घेऊ नये.

ठरावाची सूचक मी आहे. अनुमोदन कोण देत आहे?