आईचा गळा, बाळाचा कान

(वैजापूर परिसरात लहान मुले व त्यांच्या माता यांच्यासाठी गीतवर्ग चालविणाऱ्या भगिनींसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वैजापूर तालुक्यात गाणे आणि मातृत्व यांविषयी एकत्र बोलायचे, तर आरंभ शिऊरपासूनच करावा लागतो. संत बहिणाबाईंचे हे सासर आणि त्यांची समाधीही येथेच. १६२८ साली देवगाव रंगारी येथे जन्म, तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी विवाह, पुढे कुटुंबावर आलेल्या आपत्तीमुळे गावोगाव भ्रमंती, कोल्हापूर, देहू आणि अखेर पुन्हा शिऊर. १७०० साली त्यांनी देह ठेवला. हा सारा जीवनप्रवास त्यांनी स्वतःच अभंगांत सांगून ठेवला आहे. एका स्त्रीने आपली कथा आपल्याच शब्दांत गावी, असे उदाहरण त्या काळात विरळाच.

त्या आत्मकथनातील कोल्हापूरचा एक प्रसंग आहे. बहिणाबाई तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. घरी दानात आलेल्या कपिला गाईचे वासरू त्यांना इतके लळले, की त्या जातील तिथे ते मागून जाई, पुराण-कीर्तनालाही जाई. जयराम स्वामींच्या कीर्तनाला एकदा मोठी गर्दी झाली. अडचण होते म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. बाहेर वासरू हंबरू लागले, आत बहिणा रडू लागली. स्वामींना हे कळले, तेव्हा त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांनाही जवळ घेतले. पुढे याच गोष्टीवरून बहिणाबाईंना नवऱ्याचा मार खावा लागला, तेही त्यांनी लपविलेले नाही.

गीतवर्ग चालविणाऱ्या ताईंनी हा प्रसंग पुनःपुन्हा आठवावा. दीड वर्षाचे मूल वर्गात रडते, सतरंजीवरून उठून पळते, शेजारच्याच्या हातातील टाळ ओढते. आईला ओशाळल्यासारखे होते; ती त्याला कडेवर घेऊन निमूटपणे बाहेर पडते आणि पुढच्या आठवड्यात येतच नाही. वर्ग शांत राहतो, पण ज्यांच्यासाठी तो भरविला ते दोघेही बाहेर गेलेले असतात. मूल रडले तर रडू द्यावे. त्याला उचलून आईने उभ्यानेच डुलत गावे, फेऱ्या घालीत गावे. ताईंनी गाणे थांबवू नये आणि त्या आईकडे वळून पाहूही नये. पळणारे मूलही ऐकतच असते. कोपऱ्यात पाठ करून बसलेले पोर वर्गात महिनाभर तोंड उघडत नाही, आणि घरी गेल्यावर आजीसमोर सगळी गाणी हातवाऱ्यांसह म्हणते, हा अनुभव या कामातील बहुतेक भगिनींना असेल.

या वर्गाचा खरा विद्यार्थी कोण, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. फलकावर ‘बालगीत वर्ग’ असे लिहिलेले असते, म्हणून मुलांना शिकवायचे अशी समजूत होते. वास्तविक एक ते चार वर्षांच्या मुलाला आठवड्यातून पाऊण तास गाणे शिकवून काय होणार? उरलेला आठवडा ते घरी असते. घरातील आई गाऊ लागली, तरच वर्गाला अर्थ आहे. विद्यार्थी आई आहे. मूल तिच्या मांडीवर बसून तिच्याकडून शिकते.

आणि आई गायची थांबली आहे, हे सत्य आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत पहाटे जाते फिरे आणि त्याबरोबर ओवी फिरे. मांडीला टेकून झोपलेल्या लेकराच्या कानात घरघर आणि सूर एकत्रच जात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्याआधी डॉ. सरोजिनी बाबर यांनीही लोकसाहित्याचे असे मोठे धन पुस्तकांतून जतन करून ठेवले. मराठवाड्याच्या दृष्टीने या धनाचे मोल आणखी वेगळे आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य होते; दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळात शाळेने आणि कचेरीने मराठीला जे दिले नाही, ते जात्याने, पाळण्याने आणि कीर्तनाने दिले. त्या भाषेची राखण करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती.

पिठाची गिरणी आली हे चांगलेच झाले. बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले. त्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. जात्याचे गोडवे बहुधा ते कधी न ओढलेलेच गातात. पण जाते गेले, तेव्हा त्याच्याबरोबरचे गाणेही गेले आणि त्या जागी दुसरे काही आले नाही. आता मूल रडू लागले की हातात मोबाईल दिला जातो. गाणे वाजते, चित्रे हलतात, मूल गप्प होते आणि आईही गप्प होते.

मातेच्या आवाजाचे महत्त्व आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले. मार्कंडेय पुराणातील मदालसा आपल्या पुत्रांना पाळण्यातच आत्मज्ञान गाऊन सांगते, आणि पतीने विनविल्यावर धाकट्या अलर्काला राजधर्म शिकविते. सुभद्रेच्या उदरातील अभिमन्यूची कथा तर घरोघरी माहीत आहे. आधुनिक संशोधनही आपल्या मार्गाने याच दिशेला आले आहे. गर्भाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ध्वनी जाणवू लागतात. डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले, की नवजात अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज पसंत करते. २००९ साली युरोपातील एका प्रयोगात असे दिसले, की दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या मेंदूलाही तालातील सम चुकली तर ते जाणवते. कॅनडातील २०१४ चा प्रयोग तर आपल्या वर्गासाठी विशेष बोलका आहे. चौदा महिन्यांच्या मुलांना संगीताच्या तालावर हिंदोळले. समोरची व्यक्ती त्याच तालावर डुलत असेल, तर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला ती मुले अधिक संख्येने पुढे आली. एकत्र डुलण्यातून आपलेपणा उपजतो, एवढे यातून नक्की दिसते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘गाणे ऐकवा, मूल बुद्धिमान होईल’ असा प्रचार कोणी करू नये. १९९३ साली अमेरिकेत छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्टचे संगीत ऐकल्यावर एका विशिष्ट प्रकारच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात अर्भके नव्हतीच. तरीही त्यावरून केवढा बाजार उभा राहिला! जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ साली प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिफीत देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडेही गर्भसंस्काराच्या नावाने अमुक राग वाजवा आणि तमुक गुण मिळवा असे विकणारे कमी नाहीत. मदालसेने पेटीत भरलेले गाणे वाजविले नव्हते. ती स्वतः गायली होती. वर्गात येणाऱ्या आईला गुणांचे आमिष दाखविले, की दोन महिन्यांनी ती गुण मोजू लागते.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. पस्तीस-चाळीस मिनिटे पुरेत. सगळ्यांनी गोलात जमिनीवर बसावे. ताईही गोलातच, व्यासपीठावर नव्हे. मोठ्या स्त्रिया एरवी ज्या काळी चार-पाचच्या पट्टीत गातात, ती लहान मुलांना फार खाली पडते. खालचा षड्ज त्यांच्या गळ्यात उतरतच नाही, मग मुले गाण्याऐवजी पुटपुटतात किंवा ओरडतात. पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी एक किंवा काळी एक हा षड्ज धरावा आणि सा ते ध एवढ्यात फिरणारी चाल निवडावी. ती आयांनाही जड जात नाही. लय सावकाश ठेवावी. मूल उत्तर देते, पण उशिरा देते. एक ओळ म्हणून क्षणभर थांबले, तर त्या रिकाम्या जागेत कुठून तरी एक बोबडा स्वर येतो. उत्साही ताई ती जागा स्वतःच्या आवाजाने भरून टाकतात.

पेटी स्वर देण्यापुरती. ध्वनिक्षेपक नकोच. ठेका अंगावर दिसावा. मांडीवर थाप, टाळी, पायाचा ठोका. बाळाला गुडघ्यावर घेऊन दादरा झुलवावा, कडेवर घेऊन केरवा चालावा. आपडी-थापडीसारख्या खेळांत आजीने हे सारे शास्त्र कोणतेही नाव न देता बसविलेले आहे : स्पर्श, ताल, शब्द आणि शेवटी होणारी गुदगुली, जिची मूल श्वास रोखून वाट पाहते. वाद्ये साधी असावीत. खंजिरी, घुंगरू, चिपळ्या चालतील. घट्ट झाकणाच्या डब्यात ज्वारीचे दाणे घातले तरी चालते, मात्र झाकण चिकटपट्टीने पक्के करावे, कारण दाणे नाका-तोंडात जातात. दर आठवड्याला नवे गाणे देण्याचा मोह टाळावा. त्याच चार गाण्यांना मुले कंटाळत नाहीत. कंटाळतात त्या ताई.

या गोलात बसून आईच्या आणखी एक गोष्ट ध्यानात येऊ शकते. सगळी मुले आवाजाकडे वळतात आणि एखादेच मूल वळत नाही. घुंगरू मागून वाजले तरी त्याला पत्ता नसतो. ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ या समजुतीवर वर्ष-दोन वर्षे निघून जातात. अशा वेळी ताईंनी आईला बाजूला घेऊन, चारचौघींत न बोलता, मुलाचे कान तपासून घेण्यास सांगावे. सरकारी रुग्णालयातून आणि अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीतून त्याची वाट आहे. ऐकण्याचे हे पहिले वर्ष परत येत नाही.

वर्गातील सर्वांत मोठी अडचण मात्र मुलांची नाहीच. ‘ताई, माझा आवाज चांगला नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी दहांपैकी आठ जणी म्हणतात. कोणीतरी कधीतरी हसलेले असते. शाळेत, माहेरी किंवा सासरी. तिला समजावीत बसू नये. तिच्या मांडीवर तिचेच मूल द्यावे. ते चेहरा वर करून तिच्या ओठांकडे पाहते, तेव्हा आवाज चांगला की वाईट हा प्रश्न त्याला पडलेला नसतो. १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे तर लोकाश्रयावर. गाणे दरबारातून आणि मैफलीतून निघून मध्यमवर्गीय घरात शिरावे, सभ्य घरातील स्त्रीनेही संकोच न करता गावे, ही वाट त्या प्रयत्नांतून रुंद झाली. पण त्याच वाटेवर पुढे परीक्षा आल्या, प्रमाणपत्रे आली, आणि ज्याला प्रमाणपत्र नाही त्याने गाऊ नये, असा एक अबोल नियमही आला. स्वयंपाकाची प्रमाणपत्रे नसताना आया घर जेवू घालतातच की.

आता, कोण येत नाही हे पाहावे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. वैजापूरला हाच धडा गिरवावा लागेल. कापूसवेचणी आणि कांदालागवड चालू असताना दुपारी तीनचा वर्ग म्हणजे केवळ नोकरदारांच्या आणि दुकानदारांच्या घरांचा वर्ग. शेतमजूर आई संध्याकाळी भाकरी टाकून मोकळी होते. तिच्यासाठी वर्ग तिच्याच वस्तीत, तिच्याच वेळी हवा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर महिनोन्महिने गावात नसतात. त्यांच्या मुलांचे गाणे पावसाळ्यातच व्हायला हवे. मंदिराचा सभामंडप सोयीचा असतो खरा, पण गावातील प्रत्येक वस्तीतील स्त्री तेथे सतरंजीच्या मध्यभागी येऊन बसते की खांबापाशी थबकते, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. ती थबकत असेल तर जागा बदलावी. बहिणाबाई ब्राह्मण घरातील. त्यांनी तुकोबांना गुरू मानले म्हणून घरातून आणि देहूच्या मंबाजीकडून त्यांना छळ सोसावा लागला. त्यांच्याच तालुक्यातील गोलात कडेला बसलेली एकही आई असता कामा नये.

सुनेला घरातून निघणे अवघड असेल, तर सासूलाही बोलवावे. रुसवा जातो, हा फायदा लहान. मोठा फायदा असा, की वर्गात सर्वांत जास्त गाणी तिलाच येत असतात. नागपंचमीचा फेर, झिम्मा, पाळणे, हरिपाठाच्या चाली तिच्या गळ्यात आहेत. तिला कोणी विचारलेले नाही एवढेच.

आणि स्नेहसंमेलन नको. डिसेंबर जवळ आला की पालक विचारतात, पाहुणे येतात, कार्यकर्त्यांनाही वाटते की काम दिसले पाहिजे. मग तीन वर्षांच्या पोरांना फेटे बांधून रंगमंचावर उभे केले जाते. निम्मी रडतात, दोघे-तिघे छान गातात, आणि उरलेल्यांच्या आया घरी जाताना हिशेब करतात. महिन्याभराच्या तालमीत वर्गाचा गोल मोडून रांगा झालेल्या असतात. जानेवारीत पुन्हा गोल करायला गेले, तर काही जणी आलेल्याच नसतात.

त्याऐवजी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक आजीकडून निदान एक ओवी किंवा पाळणा तिच्या शब्दांत उतरवून घ्यावा, गावाचे नाव घालावे, ती कोणाकडून शिकली तेही लिहावे. चाल कागदावर उतरत नाही. तेवढ्यासाठी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे, तो तेथे उपयोगी आहे. आणि पुढच्या आठवड्यात ती ओवी त्या आजीनेच गोलात बसून सांगावी, तिची नातवंडे मांडीवर असताना.