शेतकरी कामगार पक्ष आणि दर्याचा वाटा
(उत्तन येथें झालेलें भाषण)



सभेआधीं एका म्हाताऱ्या नाखव्यानें आम्हांस विचारलें, "त्या पक्षाच्या नांवांत शेतकरी आहे, कामगार आहे, आमचा कोळी कुठें आहे?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वीं हा पक्ष आला कोठून हें सांगितलें पाहिजे.

त्याचें मूळ सत्यशोधक समाजांत आहे. १८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यास तो स्थापला. रयतेच्या घामाचा पैसा सावकाराच्या वहींत, कुळकर्ण्याच्या दप्तरांत आणि भटाच्या दक्षिणेंत कसा जिरतो, हें त्यांनीं रयतेस तिच्याच भाषेंत समजाविलें. त्यांतून पुढें ब्राह्मणेतर पक्ष निघाला. त्यानें कौन्सिलांत जागा मिळविल्या, दिवाणगिरीही मिळविली; पण शिकलेला व जमीनवाला तेवढा वर चढला, आणि कूळ होतें तेथेंच राहिलें. हें आमच्याच घरचें उणें आहे, म्हणून स्पष्ट बोलतों.

कुळाचा लढा पेटला तो अलिबागेजवळ चरी गांवीं. १९३३ सालीं तेथील कुळांनीं खोताची जमीन कसावयाची नाहीं असें ठरविलें, आणि १९३९ पर्यंत शेतें ओसाड ठेविलीं. पुढारी नारायण नागू पाटील. लोकांनीं लांकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, पोरें उपाशी निजविलीं. पण नांगर धरला नाहीं. पिकलेल्या भातांत कसणाराचा वाटा किती, एवढाच तंटा! त्याच काळांत, १९३७ मध्यें, डॉ. आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें. जातीच्या कुंपणापलीकडे जाऊन कष्टकऱ्यानें वाटा मागावा, ही वाट तेथें पडली.

केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळींतून काँग्रेसमध्यें गेले होते. तेथें शेतकऱ्याचें चालत नाहीं असें दिसल्यावर त्यांनीं, शंकरराव मोरे यांनीं व इतर सोबत्यांनीं १९४७ च्या ऑगस्टांत शेतकरी कामगार पक्ष उभारला, आणि १९४८ सालीं काँग्रेसचें घर सोडलें. १९५० त नाशिक जिल्ह्यांतील दाभाडीस पक्षानें मार्क्सचा विचार आपला म्हणून मान्य केला. कसणाराची जमीन, आणि शेतकऱ्याची गिरणीकामगाराशीं एकजूट, हें त्याचें सार. प्रबंध मोठा जड. आमच्या मतें पुष्कळ साध्या कार्यकर्त्यांच्या तो डोक्यावरून गेला असावा. जेधे आणि मोरे पुढें काँग्रेसमध्यें परतले. पक्ष उरला तो गांवोगांवच्या माणसांवर. संयुक्त महाराष्ट्रासाठीं तो झगडला. सांगोल्याहून गणपतराव देशमुख अकरा वेळां आमदार झाले. २०२४ सालीं मात्र साऱ्या विधानसभेंत पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तोही सांगोल्याचाच.

पण आमदार मोजून पक्षाचें काम मोजतां येत नाहीं. मुंबई बंदरापलीकडे उरण-पनवेलकडे पहा. तुमच्यासारखीच आगरी-कोळी वस्ती, तशींच मिठागरें. नव्या मुंबईसाठीं सरकारनें जमिनी घेतल्या. दि. बा. पाटील तेव्हां याच पक्षांत होते. त्यांच्यामागें लोक उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासईच्या बाजूस गोळीबार झाला, पांच शेतकरी पडले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यामुळें. पुढें पाटीलही पक्षांतून गेले. जाणाऱ्यांची यादी लांब आहे!

आतां नाखव्याचा प्रश्न. जासईचा हिशेब सातबाऱ्यावर झाला. दर्याला सातबारा नाहीं. तुमची डोल कोठें लागते हें कोळीवाड्यास ठाऊक, बोंबील कोठें वाळतात हें बायांस ठाऊक. तलाठ्याच्या दप्तरीं त्यांतलें कांहीं नाहीं. जमिनीच्या वाट्यासाठीं जन्मलेल्या पक्षाची नजर येथें अपुरी पडली, असें आम्ही म्हणतों. आणि वाटा मिळूं शकतो! २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें, बंदराच्या कामामुळें ज्यांचा धंदा बुडाला अशा उरणकडील १६३० मच्छीमार कुटुंबांस सुमारें ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम केला. सातबारा नव्हता, तरी धंदा होता हें मानलें गेलें.

उत्तन-विरार सागरी पुलाची आंखणी झालेली आहे. पूल व्हावा कीं न व्हावा यावर तुमचा झगडा चालूं द्या. पण तोंवर हात बांधून बसूं नका. होडी कोणाची, जाळें कोणतें, कोणत्या महिन्यांत कोठें लागतें, वाळवण कोण घालतें, टोपली घेऊन बाजारास कोण जातें, हें सारें लिहून काढा. एक गोष्ट कडू लागेल, तरी सांगतों. नाखवा दलालावर रागावतो, आणि खलाशाच्या वाट्याचा विषय निघाला कीं खोतासारखा बोलूं लागतो. खलाशी परगांवचा असला तरी त्याचें नांव यादींतून गाळूं नका. बायांचें तर नाहींच नाहीं.

येत्या रविवारीं मिस्सा सुटल्यावर या कामास बसावयाचें ठरलें आहे. ज्यांस लिहितां येतें त्यांनीं वही आणावी, आणि प्रत्येक होडीवाल्यानें आपले खलाशी बरोबर आणावे.