साथीच्या दिवसांतील परिचारिका



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोर बसून ऐकावे, हा रिवाज. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता आणि कायद्याची पुस्तके चाळता चाळता. चालकांनी मला बोलावले ते इस्पितळांतल्या नोकरवर्गाची संघटना बांधण्याचे काम करतो म्हणून. तेव्हा विषयही त्याच कामातला घेतला आहे.

साथ ही गोष्ट पुणेकरांना नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात फैलावला. घरांची झडती, छावण्या, रँडसाहेबाचा खून, हे सारे शाळकरी मुलाला पाठ असते. पण त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना उचलून आपले चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या, आणि तीच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, हे आपल्याला उशिरा आठवते. साथीच्या इतिहासात अंमलदार लक्षात राहतात. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसे राहत नाहीत.

पहिला प्रश्न असा, की रोग परिचारिकेलाच आधी का गाठतो? उत्तर साधे आहे. डॉक्टर रोग्याला तपासून पुढच्या खाटेकडे जातात. परिचारिका पाळी संपेपर्यंत तिथेच असते. कूस बदलणे, घशातला कफ ओढून काढणे, ओकारी पुसणे, सुई टोचणे, घाबरलेल्याचा हात धरणे, यांपैकी एकही काम हातभर अंतरावरून होत नाही. गिरणीत यंत्राजवळ उभ्या असलेल्याचे बोट जाते. इथे रोग्याजवळ उभी असलेली बाई आजारी पडते. दोन्ही अपघात कामाच्या जागचेच.

आकडे हेच सांगतात. २००३ च्या सार्सच्या साथीत जगात ८,०९६ रोगी नोंदले गेले. त्यांत १,७०६ जण, म्हणजे पाचांतला एक, आरोग्यसेवेतले होते. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला आला. लागण झालेल्या आरोग्यसेवकांत निम्म्याहून अधिक परिचारिका व त्यांच्या मदतनीस होत्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. कोविडच्या साथीत जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्यसेवक दगावले असावेत, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या देशातले एक उदाहरण सांगतो. मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोड भागात निपाह आला. पेरांब्राच्या तालुका इस्पितळात एका रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुथुसेरी या परिचारिका २१ मे रोजी मरण पावल्या. मागे दोन लहान मुले राहिली. फैलाव होऊ नये म्हणून देह घरी न नेताच अंत्यविधी उरकावा लागला. त्यांनी त्या रोग्याची सेवा केली तेव्हा हा निपाह आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. साथीचे नाव कळेपर्यंत पहिल्या परिचारिकेला लागण होऊन गेलेली असते. म्हणूनच हातमोजे, मास्क आणि वेगळी खोली ही सामग्री साथ जाहीर झाल्यावर मागवून भागत नाही. ती रोजच्या दिवशी, रोजच्या रोग्यासाठी हाताशी हवी.

२०२० सालचा एक अनुभव आहे. इस्पितळाचे नाव घेत नाही, कारण असे प्रकार एकाच ठिकाणी होत नव्हते. तिथल्या परिचारिकांना सांगण्यात आले, की बाजारात मास्क नाहीत, एकच आठवडाभर पुरवा. आम्ही व्यवस्थापकसाहेबांकडे साठ्याची वही मागितली. वहीत मास्क होते! पण ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली संध्याकाळी पाच वाजता भांडारप्रमुखाबरोबर घरी जात असे. एक सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, हा रोग काय फक्त दिवसपाळीलाच येतो का?" किल्ली रात्रपाळीच्या इनचार्ज सिस्टरकडे ठेवावी, एवढीच आमची मागणी होती. ती मान्य व्हायला तीन बैठका लागल्या.

संरक्षक पोशाखाचेही तसेच. तो एकदा चढवला की पाणी नाही, लघवीला जाणे नाही. उन्हाळ्यात आतून माणूस घामाने निथळतो. मासिक पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याचा विचार वेळापत्रक आखणारे पुरुष करीत नाहीत. दमलेला माणूस पोशाख उतरवताना चुकतो, आणि लागण नेमकी त्या क्षणी होते. म्हणून कामाचे तास कमी करा ही मागणी आळसाची नसून रोगप्रतिबंधाची आहे.

२२ मार्च २०२० रोजी आपण साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. त्यात खोटे काही नव्हते. पण त्याच दिवसांत घरमालक परिचारिकांना खोल्या सोडायला सांगत होते. मे २०२० मध्ये कलकत्त्याच्या खाजगी इस्पितळांतल्या शेकडो परिचारिका नोकऱ्या सोडून मणिपूर आणि इतर राज्यांतल्या आपापल्या गावी परतल्या. देवी म्हणणे सोपे, कारण देवीला भाडे भरावे लागत नाही, पगार लागत नाही आणि तिला ताप येत नाही.

कायदा काय सांगतो? १८९७ च्या साथरोग कायद्यात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती. आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्याला शिक्षा देणारे कलम त्यात यायला एप्रिल २०२० उजाडले. म्हणजे १२३ वर्षे लागली. सरकारने त्याच वर्षी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, हे योग्यच झाले. पण तो मृत्यूनंतर मिळणारा विमा होता. जी जगली आणि महिनोन् महिने धाप लागून घरी बसली, तिच्या बुडालेल्या पगाराचे उत्तर त्यात नव्हते. पगाराचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी इस्पितळातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत. केरळच्या परिचारिकांनी संघटना बांधून, संप करून, २०१८ मध्ये किमान वेतनात तो आकडा मिळवला. जिथे संघटना दुबळी, तिथे शिफारस कागदावर राहिली.

आता तुम्ही विचाराल, की साथीत परिचारिकांनी संप करावा काय? हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. गिरणीतला कामगार हात थांबवतो तेव्हा माग थांबतो. परिचारिकेने हात थांबवला तर कोणाचा तरी श्वास थांबेल. हे तिला ठाऊक आहे आणि मालकालाही ठाऊक आहे. तिच्या दयेवरच त्याचा हिशेब बसतो. संपाचे हत्यार तिने म्यानात ठेवायचे असेल, तर तिच्या वतीने बोलण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी येते. ती तुमच्यावर येते. कारण उद्या त्या खाटेवर तुम्ही किंवा मी असणार.

आमच्या मागण्या चारच आहेत. साथ नसतानाही प्रत्येक इस्पितळात संरक्षक सामग्रीचा साठा असावा, आणि तो रात्रीही मिळावा. अतिदक्षता विभागात यंत्रावर श्वास घेणाऱ्या प्रत्येक रोग्यामागे एक परिचारिका असावी. लागण झालेल्या परिचारिकेला, ती कायम असो वा कंत्राटी, भरपगारी रजा आणि उपचार मिळावेत, आणि आजार कामातूनच जडला हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर टाकू नये. शेवटची मागणी, साथीत भरती केलेल्या कंत्राटी बायांना साथ ओसरताच घरी पाठवू नये. जून २०२५ मध्ये जीनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाच्या जागेवरील जैविक धोक्यांविषयीचा करार मंजूर केला. तेव्हा हे मागणे एकट्या आमचे राहिलेले नाही.

तुम्हाला एकच विनंती करतो. आपल्या भागातल्या इस्पितळात कधी जाल, तेव्हा तिथल्या सिस्टरना विचारा, की रात्रपाळीला एका परिचारिकेमागे किती रोगी असतात आणि मास्कच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते. उत्तर समाधानकारक नसेल, तर तेच दोन प्रश्न घेऊन वरच्या मजल्यावर साहेबांकडे जा. साथ नसतानाच जा. साथ आल्यावर वेळ नसतो.