वेढ्याचे कागद



केंद्र सरकारच्या नोकरीत आमची उभी हयात कागद चाळण्यात गेली. फावल्या वेळीही कागदच गोळा करणाऱ्या माणसास मंडळाने व्याख्यानास बोलवावे, ही कार्यकारिणीची सहनशीलताच म्हणावयाची. विषय मात्र या सभागृहापासून फार दूर नाही. कृष्णराज मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा जो दिल्ली दरवाजा उरला आहे, तेथे भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून इंग्रजी हल्ला झाला, असे ती सांगते. भाजीची पिशवी सावरीत आपणांपैकी अनेकजण तिच्यावरून गेले असतील.

लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या त्या स्वारीविषयी लंडनमध्ये छापले गेलेले कागद जमविणे, हा आमचा छंद. जाडजूड ग्रंथांचा आम्हांस सोस नाही. सुटी चित्रे, नकाशे, खेळांच्या जाहिराती, तमाशगिरांना दिलेल्या चोपड्या, म्हणजे जे वाचून फेकून द्यावयाचे होते, तेच आम्ही शोधतो. सैन्याबरोबर रॉबर्ट होम नावाचा चित्रकार होता. त्याची म्हैसूरची निवडक दृश्ये १७९४ साली ग्रंथरूपाने निघाली. विक्रेत्यांनी पुढे अशी पुस्तके फाडून एकेक चित्र विकले. आमच्याजवळचे पान असेच कोणा पुस्तकाच्या हत्येतून आलेले आहे, आणि ते पाहताना आनंदाबरोबर थोडे अपराधीही वाटते.

खरे-खोटे ओळखावयास आम्ही ठेच खाऊनच शिकलो. एका विक्रेत्याने अस्सल म्हणून दिलेले चित्र भिंगाखाली धरले, तो सारे बारीक ठिपके! अलीकडची छपाई होती. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या जुन्या चित्राला कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो. बोट फिरविले की कळतो. कडा कापल्या असतील तर मात्र तीही खूण जाते. इंग्लंडात १७३५ च्या कायद्यामुळे चित्राच्या तळाशी प्रकाशकाचे नाव व तारीख कोरीत असत. तेवढी एक ओळ असली की कागद आपला जन्म स्वतःच सांगतो.

१७९२ साली लंडनला अ‍ॅस्टलेच्या घोड्यांच्या रंगमंडपात बंगळूरच्या वेढ्याचा खेळ झाला. त्याची जाहिरात मिळावी, ही आमची जुनी आस अद्याप पुरी झालेली नाही. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पाडावाचे प्रचंड चित्र रॉबर्ट केर पोर्टरने १८०० साली लंडनमध्ये मांडले. तोवर त्याने हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. ते चित्र नष्ट झाले. प्रेक्षकांसाठी छापलेली चोपडी मात्र टिकली. कागदाचे दैव असे असते.

हा संग्रह एकदा घरी मांडला असता, येथेच लहानाची मोठी झालेली आमची कन्या म्हणाली, “बाबा, या लढाईत आपण कुठे होतो?” उत्तर देताना आम्ही अडखळलो. १७९० च्या तहान्वये पेशवे, निजाम व कंपनी एकत्र होती. बंगळूर पडले तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते. पुढे मे महिन्यात, बैल मेल्यामुळे कॉर्नवॉलिसला आपल्या अवजड तोफा श्रीरंगपट्टणापाशी फोडून टाकाव्या लागल्या, तेव्हा त्याच्या उपाशी सैन्यास दाणागोटा मिळाला तो मराठ्यांच्या छावणीतील बाजारात. भाऊंच्या फौजेचे छापील वर्णन केले तेही एडवर्ड मूर नावाच्या इंग्रज लेफ्टनंटाने, १७९४ साली. आपली माणसे मोडीत पत्रे लिहीत होती. पटवर्धनांच्याच मिरजेत १८०५ साली गीता छापली गेली. पण दप्तरातील ती पत्रे छापून निघण्यास १८९७ पासून वासुदेवशास्त्री खरे यांचे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागेपर्यंत वाट पाहावी लागली.

त्या पत्रांत एक ठसठसणारा मजकूर आहे. १७९१ साली भाऊंच्या सैन्याबरोबरच्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, माणसे मारली गेली, स्वामींना कारकळास जावे लागले. स्वामींनी मदत मागितली ती टिपू सुलतानाकडे, आणि पुन:प्रतिष्ठेसाठी त्याने ती दिली. त्याची कानडी पत्रे १९१६ साली पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात सापडली. याच टिपूने इतरत्र काय केले तेही इतिहासात आहेच. त्याची वकिली करावयास आम्ही उभे नाही.

शृंगेरीचा हा मजकूर संग्रहात ठेवावा की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घालविले, हे कबूल करतो. परक्याने लावलेली पाटी वाचताना आमचा आवाज चढे. आपल्याच दप्तरातील ओळ वाचताना तो खाली येई. शेवटी शेजारच्या निवृत्त कन्नड शिक्षकांकडे पत्रांची नक्कल घेऊन गेलो. त्यांनी ती मोठ्याने वाचली, अवघड शब्दांचा अर्थ सांगितला, आणि “कॉफी घेणार ना?” एवढेच विचारले. होमच्या चित्रासमोरच्या पानावर आता ती नक्कल आहे. शेजारी खरेशास्त्र्यांच्या संग्रहातील उतारा आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा दाखवावेत. येत्या रविवारी हा सारा संग्रह आम्ही मंडळाच्या वाचनालयातील टेबलावर मांडणार आहोत. लहान मुलांनाही अवश्य आणावे. चहा मात्र बाहेरच घ्यावा आणि हात कोरडे करून यावे.