संध्याकाळची बादली

दारू सोडलेल्या माणसाला सगळ्यांत जड जाते ती संध्याकाळ. सकाळ कामात निघून जाते, दुपार उन्हात. पाचोऱ्यात दिवेलागण झाली की पाय आपोआप ओळखीच्या वाटेला लागतात. त्या तासाला हाताला काय द्यायचं?

झाडं, माती, पाणी यांच्या सहवासाने व्यसन सुटायला मदत होते, असं हल्ली बरंच ऐकू येतं. मी कवी; झाडाची बाजू घेणं माझ्या अंगवळणी पडलेलं. म्हणून जरा जपूनच बोलतो. 2019 साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या पाहणीत असं दिसलं, की ज्यांना घरातून हिरवळ दिसते त्यांना दारू-सिगारेटची तल्लफ कमी येते. संबंध दिसला, एवढंच. झाड हे काही औषध नव्हे.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, कुणाला भास होतात, झटके येतात. जिवावरही बेततं. तिथे डॉक्टरच हवा, नदीकाठ नव्हे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये उपचार 35 दिवसांचे ठरले, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा वेगळा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आणखी एक अडचण आहे. ‘निसर्गात जा’ हे शहरातल्या माणसाला सांगणं सोपं. आमचा खानदेशी मजूर दिवसभर निसर्गातच असतो! कापूस वेचून कंबर धरलेल्याला ‘मातीत हात घाल’ म्हणणं ही थट्टाच झाली. पुष्कळदा त्या अंगदुखीवर उतारा म्हणूनच पहिला घोट घेतलेला असतो. शेतातलं रोप दुसऱ्याच्या हिशेबातलं. अंगणातला कढीपत्ता, पत्र्याच्या डब्यातला मोगरा मात्र त्याचा स्वतःचा. त्याला मजुरी नाही आणि घाईही नाही. नवं पान आलं की नाही, हे बघायला मात्र उद्या यावं लागतं.

तेव्हा घरच्यांनो, पाण्याची बादली त्याच्याच हाती द्या आणि संध्याकाळीच द्या. त्याच्याऐवजी तुम्ही पाणी घालू नका, पाळतही ठेवू नका. एखाद्या दिवशी तो चुकला, पिऊन आला, तर झाडावरून टोमणे नकोत; डॉक्टरांना गाठा. आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं, तर तांदूळ धुतलेलं पाणीही मोगऱ्याला चालतं.