पेरूची वडी, आंब्याची पोळी आणि आपली सेवा
(महिला संघाच्या जानेवारीतील सहभागिता मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी खाऊविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण आमच्या डोंगरातील कुटुंबांच्या दृष्टीने तो तसा नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसावा अध्याय आठवा. आजारी पडला म्हणून धन्याने एका मिसरी चाकराला रानात टाकून दिले होते. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटात अन्नपाणी गेले नव्हते. दाविदाच्या माणसांनी त्याला भाकर व पाणी दिले, शिवाय अंजिरांच्या ढेपेचा तुकडा आणि द्राक्षांचे दोन सुके घड दिले. ते खाऊन त्याच्या जिवात जीव आला. सुकवलेले फळ शिदोरीत होते म्हणून ते ऐनवेळी उपयोगी पडले. फळ हंगामात एकदाच येते, भूक मात्र बारा महिने असते. म्हणून फळ राखून ठेवण्याची विद्या इतकी जुनी आहे.

ही विद्या आपल्याही घरांत आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला पेराद करतात, म्हणजे पेरूची चिवट, गोड वडी. आता पेरूचा हंगाम आहे, म्हणून तिची कृती सांगते.

पिकलेले पण घट्ट असे एक किलो पेरू धुऊन चिरा आणि थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. चाळणीवर घासून बिया काढून टाका. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर आणि एका लिंबाचा रस घाला. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत राहा. गर उडतो आणि चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा चमचा घ्या. मिश्रण कडा सोडू लागले की थोडेसे थंड ताटलीत टाकून पाहा. त्याची बोटाला न चिकटणारी गोळी झाली की तूप लावलेल्या थाळीत थापा. निवल्यावर वड्या कापा. बाजारातल्या अशा चिवट गोळ्यांत पुष्कळदा जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेले जिलेटिन असते. पेरूला त्याची गरज नाही. त्याच्यात पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे वडी आपोआप धरते. रंगही घालावा लागत नाही.

आता आंब्याकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या डोंगरांत गावठी आंब्याची झाडे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात तिथल्या अंगणांत कैरीच्या फोडी वाळत असतात. त्यांचा आमचूर होतो. मोहाची फुलेही तशीच वाळवली जातात. तेव्हा तिथल्या बहिणींना वाळवण शिकवायला जाण्याची गरज नाही. ऊन, वारा आणि झाड त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

मग अडते कुठे? एका गावात बायकांची बैठक होती. मी म्हटले, कैरी स्वस्तात देण्यापेक्षा थोडे आंबे पिकू द्या आणि त्यांची पोळी करा. एक आजी म्हणाल्या, "ताई, आंबा पिकेपर्यंत थांबायला सांगता, पण बियाण्याचे पैसे कोण थांबवणार?"

बंधुभगिनींनो, सगळे या प्रश्नात आले. आंबा पिकतो तो पावसाच्या तोंडावर. नेमके तेव्हाच बियाण्याला पैसे लागतात. व्यापारी त्याआधी रोख घेऊन येतो, म्हणून माल कच्चा असतानाच जातो. उरलेला आंबा पिकून पडतो आणि पहिल्या पावसात झाडाखालीच कुजतो. तो वाचवायला हाती थोडेच कडक उन्हाचे दिवस असतात.

आंबापोळीची कृती सोपी आहे. रस गाळून दोरे काढा. एक किलो रसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर पुरते, रस फार गोड असेल तर तीही कमी करा. रसाला चांगली उकळी आणा, म्हणजे तो लवकर आंबत नाही. तूप लावलेल्या ताटांत पातळ पसरा, वर स्वच्छ पातळ कापड बांधा. रात्री ताटे घरात घ्या. दोन दिवसांनी पोळी उलटा. बोटाला चिकटेनाशी झाली की गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. ओल राहिली तर बुरशी येते, म्हणून इथे घाई नको.

यासाठी काय लागते? साखर, ताटे, कापड, झाकणाचे डबे आणि बियाण्यापुरती थोडी उचल. हे सारे एप्रिलच्या आधी हातात हवे. जूनमध्ये पाठवलेली देणगी आम्ही आभार मानूनच घेऊ, पण तोवर आंबा चिखलात गेलेला असेल. विक्रीसाठी अन्नपदार्थ करायचे तर नोंदणी लागते आणि स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात. त्या कागदपत्रांत मदत करू शकणारे शिक्षित लोक आपल्या मंडळ्यांत आहेत.

दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली, हा शेवटी गोड पदार्थ आहे. मुलांना एक-दोन तुकडे द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. मधुमेह असलेल्यांनी बेतानेच खावे. दुसरी, पोळी विकत घ्याल तेव्हा दया म्हणून घेऊ नका. चव पाहा, चांगली असेल तर वाजवी दाम द्या आणि घासाघीस करू नका. चांगली नसेल तर तसे सांगा, म्हणजे पुढच्या वेळी सुधारेल. बहिणींना गिऱ्हाईक हवे आहे, उपकार नको.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याने इतक्यांना पोटभर दिले, त्यालाही उरलेले वाया गेलेले चालले नाही.

आंब्याला मोहोर येऊ लागला आहे. प्रत्येक मंडळीच्या महिला संघाने एका गावासाठी साखर आणि ताटांची जबाबदारी घ्यावी, आणि मार्चअखेरपर्यंत आम्हाला कळवावे, ही विनंती. तोवर घरी पेरूची वडी करून पाहा. ढवळताना हात दुखेल. त्या वेळी या बहिणींसाठी प्रार्थना करा.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.